चिपळूणहून आलेलं रक्त

मे महिन्यातली सकाळ. चिपळूणहून रात्रीच्या एसटीनं निघालेला एक थर्मास परळ डेपोत उतरला. आत बर्फ, बर्फात प्लॅस्टिकच्या पिशवीत रक्ताच्या दोन नळ्या. बाहेरून रबरबँडनं बांधलेल्या पाकिटात काचेच्या चार पट्ट्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी. कोकण रेल्वे सुरू व्हायला तेव्हा काही वर्षं बाकी होती, आणि मी पीएचडीच्या दुसऱ्या वर्षाला होते.

त्या दोन नळ्यांवरून मी एक चुकीचा शोध जवळजवळ छापून मोकळी झाले होते. पुढची सगळी नोकरी मी तांबड्या पेशीच्या पटलावरच, म्हणजे तिच्या पातळ आवरणावरच, काम केलं, आणि प्रयोगशाळेत येणाऱ्या प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला पहिल्याच आठवड्यात हे प्रकरण सांगत आले. आता निवृत्तीनंतर ते आकडेमोडीसकट लिहून काढते आहे.

मुलगा

नऊ वर्षांचा. डोळे पिवळे व्हायचे, दोन-तीन आठवड्यांनी निवळायचे, पुन्हा ताप आला की पुन्हा पिवळे. घरच्यांनी त्याला कावीळ उतरवणाऱ्याकडे चार वेळा नेलं होतं. चुन्याच्या पाण्यात हात धुतले, पाणी पिवळं झालं, आणि काही दिवसांत मुलगा बरा दिसायला लागला. त्यात त्या माउलीचं काय चुकलं? हा आजार स्वतःहूनच कमीजास्त होतो, त्यामुळे जो उपाय केला तो लागू पडल्यासारखा वाटतो.

चिपळूणच्या डॉक्टरांना मात्र यकृताची कावीळ पटत नव्हती. लघवीचा रंग नेहमीसारखा, हिमोग्लोबिन कमी, आणि पोटावर डाव्या बाजूला हात ठेवला की प्लीहा, म्हणजे रक्त गाळणारा अवयव, वाढलेली लागत होती. त्यांनी वडिलांकडे नीट चौकशी केली तेव्हा कळलं, की वडिलांची पित्ताशयातल्या खड्यांची शस्त्रक्रिया तिशीच्या आत झाली होती आणि आत्यालाही खडे होते. तरुणपणी पित्ताशयात खडे, तेही घरात दोघांना, म्हणजे रक्त वर्षानुवर्षं फुटत असणार. फुटलेल्या पेशींतल्या हिमोग्लोबिनचं बिलिरुबिन होतं आणि तेच पित्तात साचून खडे बनतात. डॉक्टरांनी वडील-मुलाच्या रक्ताचे काचेवर पातळ थर ओढले, रंगवले आणि चिठ्ठीत लिहिलं: "पेशी गोल दिसतात. पटलात काय बिघडलंय ते तुम्ही पाहाल का?"

पेशी गोल दिसणं वाईट का, हे इथं सांगायलाच हवं. निरोगी तांबडी पेशी दोन्ही बाजूंनी दबलेल्या चकतीसारखी असते. तिचं घनफळ साधारण ९० घन मायक्रोमीटर आणि पृष्ठभाग १४० चौरस मायक्रोमीटरच्या आसपास. तेवढंच घनफळ चेंडूच्या आकारात भरायचं तर ९७ चौरस मायक्रोमीटर पुरतात. म्हणजे पेशी गरजेपेक्षा पुष्कळ जास्त कापड अंगावर घेऊन फिरते, आणि त्या सैल कापडामुळेच ती दुमडते, लांबते, स्वतःच्या रुंदीहून अरुंद केशवाहिनीतून सरकते. प्लीहेतल्या फटी तर मायक्रोमीटरभराच्या. १२० दिवसांच्या आयुष्यात तिथून पुन्हा पुन्हा जायचं असतं. पटल ताणून मात्र वाढत नाही. क्षेत्रफळ तीन-चार टक्क्यांनी वाढलं की ते फाटतं. कापड कमी पडलं की पेशी फुग्यासारखी गोल होते, फटीत अडकते आणि प्लीहा तिला गिळते.

हे कापड टिकतं ते आतल्या जाळीमुळे. स्पेक्ट्रिन नावाच्या लांब, लवचिक प्रथिनाची षटकोनी जाळी पटलाच्या आतून पसरलेली असते. ती पटलाला दोन प्रकारच्या जागी बांधलेली असते, त्यातली एक म्हणजे अँकिरिन हा दुवा. अँकिरिनचं एक टोक स्पेक्ट्रिनला आणि दुसरं पटलात आरपार रुतलेल्या बँड ३ या प्रथिनाला धरून असतं. या साखळीतली कुठलीही कडी कमी पडली, की वरचा स्निग्ध थर जागोजागी बिनआधाराचा होतो आणि बारीक बुडबुडे होऊन झडत जातो. कापड असं कणाकणानं जातं. आजाराचं नाव आनुवंशिक स्फेरोसायटोसिस.

पहिला नमुना

माझं काम होतं कुठली कडी कमी आहे ते शोधणं. त्या काळी त्याचा मार्ग एकच, भुतं बनवायची. तांबड्या पेशी अगदी विरळ क्षाराच्या थंड द्रावणात टाकल्या की फुगून फुटतात, हिमोग्लोबिन वाहून जातं आणि मागे उरतं रिकामं फिकट पटल. शास्त्रज्ञ त्याला घोस्ट म्हणतात. डॉज, मिचेल आणि हॅनाहन यांनी ही पद्धत १९६३ साली बसवली. मार्केसी आणि स्टीअर्स यांनी १९६८ साली या भुतांतून काढलेल्या प्रथिनाचं नाव स्पेक्ट्रिन ठेवलं तेही भूत या अर्थाच्या शब्दावरूनच. आमच्याकडे सगळे सरळ भुतंच म्हणायचे. "भुतं झाली का गं?" हा रोजचा प्रश्न.

भुतं बनवताना हात बसावा लागतो. सेंट्रिफ्यूजमधून नळी काढली की तळाशी फिकट, ढगासारखा थर दिसतो, आणि त्याच्या खाली एक लहानसं घट्ट बटण. नळी जरा कलती केली की वरचं भूत सरकतं, बटण चिकटून राहतं. ते बटण लगेच ओढून काढायचं, कारण पांढऱ्या पेशींतली प्रथिनं तोडणारी एंझाइमं त्यात असतात. ते राहिलं तर दुपारपर्यंत स्पेक्ट्रिनचा भुगा. ही एंझाइमं अडवायला पीएमएसएफ हे रसायन घालायचं, पण ते पाण्यात पडलं की त्याची ताकद भराभर उतरते, म्हणून आयत्या वेळीच टाकायचं. या सगळ्या गोष्टी मी शिकले होते. बटण काढलं, पीएमएसएफ वेळेवर घातलं, सगळं बर्फात केलं. तुलनेसाठी माझंच रक्त सकाळी साडेदहाला घेतलं आणि तिन्ही नमुने एकाच जेलवर शेजारी शेजारी चालवले. जेल म्हणजे विजेच्या जोरावर प्रथिनं आकारानुसार वेगळी करणारा मऊ थर; प्रत्येक प्रथिनाचा त्यात एक पट्टा उमटतो.

निळ्या रंगात जेल उमटलं. फेअरबँक्स, स्टेक आणि वॉलक यांनी १९७१ साली या पट्ट्यांना वरून खाली आकडे दिले, तीच नावं आजही चालतात: वर १ आणि २ म्हणजे स्पेक्ट्रिन, त्याखाली २.१ म्हणजे अँकिरिन, मग रुंद, पसरट बँड ३. माझ्या रक्ताच्या रांगेत सगळं नेहमीसारखं. मुलाच्या रांगेत २.१ फिका, स्पेक्ट्रिन कमी. वडिलांच्या रांगेतही तेच. पट्ट्यांचा गडदपणा डेन्सिटोमीटरवर मोजला: स्पेक्ट्रिन भागिले बँड ३ हे गुणोत्तर दोघांचंही माझ्यापेक्षा कमी.

मला त्या दिवशी जेवण सुचलं नाही. अँकिरिन कमी आणि त्यापाठोपाठ स्पेक्ट्रिन कमी, हे या आजाराचं ग्रंथातलं नेहमीचं चित्र. त्यात बाप आणि लेक दोघांत तोच दोष, म्हणजे आनुवंशिकताही जुळली. आठ दिवसांनी दुसरा थर्मास मागवला, पुन्हा तेच आलं. सरांनी जेल उजेडासमोर धरून पाहिलं आणि परिषदेसाठी सारांश लिहायला सांगितलं. मी लिहिला. टपालात टाकायचा तेवढा बाकी होता.

मामांचा प्रश्न

आमच्या प्रयोगशाळेत काचसामान धुणारे, बर्फ आणणारे एक मामा होते. डेपोतून थर्मास तेच आणायचे. दुसऱ्या थर्मासनंतर दोन दिवसांनी ते तो घासत होते आणि सहज म्हणाले, "बाई, यात पाणीच असतं बघा नुसतं. बर्फ म्हणून काही नसतं. मागल्या खेपेलाही नव्हतं."

मी विचारलं, "गार होतं ना पण?"

"कोमट. गाडी पहाटेच येते, माझी ड्यूटी नऊची. तोवर तिथंच पडून असतो."

मग त्यांनी विचारलं, "तुमचं रक्त तर तुम्ही इथंच काढता ना?"

मामा सातवीपर्यंत शिकलेले होते. जेलकडे बघून आम्ही कुणीच न विचारलेला प्रश्न त्यांनी थर्मास घासता घासता विचारला. चिपळूणचं रक्त रात्रभर प्रवास करून, डेपोत चार तास तापून आलेलं. माझं रक्त नसेतून निघून दहा मिनिटांत बर्फात. मी आजारी आणि निरोगी माणसाची तुलना करते आहे असं समजत होते. प्रत्यक्षात कदाचित एसटीनं आलेल्या आणि एसटीनं न आलेल्या रक्ताची तुलना करत होते. दोन्ही खेपांना निष्कर्ष एकच आला यात नवल नव्हतं, दोन्ही खेपांना गाडी तीच होती. आणि अँकिरिन हे या सगळ्या प्रथिनांत एंझाइमांपुढे पटकन तुटणारं, ही गोष्ट मला पाठ होती. पाठ असून उपयोग झाला नाही. सारांशाचं पाकीट मी खणात ठेवलं.

आईची नळी

चिपळूणला फोन केला. डॉक्टरांना म्हटलं, पुढच्या वेळी मुलाच्या नळीबरोबर त्याच्या आईचीही नळी पाठवा, त्याच हातानं, त्याच वेळी घेतलेली. आईकडे आजाराचा काही इतिहास नव्हता, रक्त तपासलेलं होतं, सगळं नॉर्मल. ती म्हणाली म्हणे, "मला काय झालंय? माझं कशाला?" डॉक्टरांनी तिला समजावलं, की तुमचं रक्त सोबतीला जाणार आहे. तिला ते लगेच पटलं. मुलाला एकट्यानं मुंबईला कशाला पाठवायचं!

तिसरा थर्मास आला, आणि जेलवर आईची रांग पाहून माझ्या पोटात गोळा आला. धडधाकट बाईच्या रांगेत २.१ फिका होता. स्पेक्ट्रिन कमी होतं. आईचं गुणोत्तर मुलापेक्षाही खाली होतं.

इथं नवशिक्या वाचकानं जरा थांबावं, कारण खरी गंमत या शेवटच्या वाक्यात आहे. सगळा दोष एसटीचाच असता तर आई आणि मुलगा सारखे दिसायला हवे होते. मुलगा आईपेक्षा बरा कसा दिसतो?

समजण्यासाठी गोल आकडे धरू. निरोगी, ताज्या रक्ताचं स्पेक्ट्रिन भागिले बँड ३ हे गुणोत्तर १ माना. प्रवासात स्पेक्ट्रिनचा तीस टक्के भाग तुटला आणि बँड ३ तसाच राहिला, तर आईचं गुणोत्तर ०.७ येईल. आता मुलाच्या पटलात आजारामुळे बँड ३ च वीस टक्के कमी आहे असं समजा. प्रवासानं वरचा आकडा ०.७ केला, आजारानं खालचा ०.८ केला. भागाकार ०.८८. माझ्या ताज्या रक्ताच्या १ शेजारी ठेवला तर तो "स्पेक्ट्रिन किंचित कमी" असाच वाचला जाणार. आईच्या ०.७ शेजारी ठेवला तर चित्र उलटतं: स्पेक्ट्रिन कमी नाहीच, कमी आहे तो छेद. मी दोन खेपा अंशाकडे पाहत होते.

दोन चुका एकमेकींना झाकतात तेव्हा त्या सापडायला सगळ्यात अवघड. याच पेशीच्या अभ्यासात त्याचं प्रसिद्ध उदाहरण आहे. १९२५ साली हॉलंडमध्ये लायडनला गॉर्टर आणि ग्रेंडेल यांनी तांबड्या पेशींतला स्निग्धांश काढून पाण्यावर एकपदरी पसरला. तो पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट भरला, आणि पटल दुपदरी असतं हा पाया घातला गेला. पुढे लक्षात आलं, की त्यांनी वापरलेल्या ॲसिटोननं सगळा स्निग्धांश निघत नव्हता आणि वाळलेल्या पेशींवरून मोजलेला पृष्ठभागही कमी आला होता. दोन उणिवा भागाकारात कटल्या आणि उत्तर बरोबर निघालं. त्यांच्या चुका त्यांना सत्याकडे घेऊन गेल्या, माझ्या चुका मला भलत्याच प्रथिनाकडे. त्यात कर्तबगारीपेक्षा नशिबाचा भाग किती, याचा मी पुष्कळ विचार केला आहे.

मग मला त्या काचेच्या पट्ट्या आठवल्या. पहिल्या थर्मासबरोबर आल्या होत्या, चिपळूणला ताज्या रक्तावरून ओढलेल्या, तिथंच वाळवून रंगवलेल्या. त्यांना उन्हाचं, एसटीचं काही नव्हतं. मी त्या "गोल पेशी आहेत" एवढं पाहून डब्यात टाकल्या होत्या. आता सूक्ष्मदर्शकाखाली शंभरपट भिंगावर तेल घालून एकेक पेशी पाहत बसले. गोल पेशींच्या मध्ये, दर काही दृश्यांनी एक, कुणी चिमट्यात पकडल्यासारखी कंबर दाबलेली पेशी, अळंबीसारखी दिसणारी. प्लीहा अजून जागेवर असलेल्या रुग्णात अशा पेशी दिसल्या तर बँड ३ च्या कमतरतेचा संशय घ्यावा, हे त्या विषयातल्या लोकांना ठाऊक असतं. उत्तर पहिल्या दिवसापासून माझ्या खणात होतं, काचेवर, निळ्या-गुलाबी रंगात.

लालबाग

खात्री करायला रक्त ताजंच हवं होतं. मुलाचे काका लालबागला चाळीत राहायचे, गिरणीतले. जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या आधी आई-वडील-मुलगा त्यांच्याकडे येऊन राहिले. सकाळी सातला तिघांचं रक्त घेतलं, पंधरा मिनिटांत बर्फात, आणि दुपारपर्यंत भुतं तयार. या वेळी तिघांच्याही रांगेत अँकिरिन ठळक होतं, स्पेक्ट्रिन भरपूर होतं. मुलाच्या आणि वडिलांच्या बँड ३ चा पट्टा आईच्या पट्ट्याशेजारी स्पष्ट हलका होता, आणि बँड ३ ला धरून राहणारा ४.२ हा पट्टाही थोडा हलका होता. तीन जेल चालवली, तिन्हींत तेच.

सरांना सगळं सांगितलं. खणातला सारांश मी त्यांच्यासमोर फाडला. ते बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "सारांशावर माझीही सही होती." त्यानंतर त्यांनी हा विषय कधी काढला नाही, पण त्या आठवड्यापासून डेपोतला थर्मास आणायला पहाटे माणूस जाऊ लागला. मामांची ड्यूटी बदलून घेतली, जादा पैसे मंजूर करून.

कुटुंबाला यातून काय मिळालं हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. स्पेक्ट्रिन कमी की बँड ३ कमी, यानं उपचार बदलत नाहीत. बदल झाला तो आजाराला नाव मिळाल्यामुळे. फॉलिक आम्ल रोज सुरू झालं, कारण सतत नव्या पेशी बनवणाऱ्या हाडांतल्या मज्जेला ते जास्त लागतं. ताप आला आणि मूल अचानक पांढरं पडलं तर त्याच दिवशी हिमोग्लोबिन बघायचं, कारण पार्व्होव्हायरसच्या संसर्गात मज्जा काही दिवस पेशी बनवायची थांबते आणि या मुलांना तेवढीही सवड परवडत नाही. प्लीहा काढायची का, यावर शल्यचिकित्सकांनी वाट पाहायचं ठरवलं. हिमोग्लोबिन बरं राहत होतं, आणि प्लीहा काढलेल्या माणसाला न्यूमोकोकससारख्या जंतूंचा धोका जन्मभर असतो. आईनं मला एकच विचारलं: "हे माझ्याकडून आलं का?" नाही म्हटल्यावर ती वडिलांकडे बघून म्हणाली, "त्यांच्याकडून आलं म्हणून काही कुणाचा दोष नाही." हे तिनं मला सांगितलं की त्यांना, कळलं नाही.

नंतरची वर्षं

या प्रकरणानंतर माझ्या कामाची दिशा ठरली. प्रथिनांपेक्षा त्यांच्या प्रवासाचा मी जास्त अभ्यास केला: कुठलं रक्त किती तास, किती तापमानाला, कशात ठेवलं तर पटलातलं काय आधी जातं. हा विषय कुणाला चमकदार वाटत नाही. पण आपल्याकडे रुग्ण गावात आणि जेल मुंबईत, ही परिस्थिती काही बदलणार नव्हती.

याच सुमाराला पीटर ॲग्रे यांचं काम वाचलं. ते अमेरिकेत आरएच रक्तगटाचं प्रथिन शुद्ध करत होते आणि त्यात २८ हजार डाल्टन वजनाच्या प्रथिनाचा एक आगंतुक पट्टा सारखा यायचा, नेहमीच्या निळ्या रंगात जेमतेम दिसणारा. दुसऱ्या कुणी घाण म्हणून सोडून दिला असता. तो पेशीत पाणी नेणारा मार्ग निघाला, १९९२ साली बेडकाच्या अंडपेशींत ते सिद्ध झालं, आणि २००३ साली त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांना घाण वाटेल ते खरं निघालं, मला खरं वाटलं ती घाण निघाली. दोघांसमोर होतं तेच पटल आणि तसलंच जेल.

आणि बँड ३ तर परळच्या माणसाला परका नाहीच. १९५२ साली वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी याच शहरात बॉम्बे रक्तगट शोधला. त्या माणसांच्या तांबड्या पेशींवर एच ही शर्करेची खूण नसते. निरोगी पेशीवर त्या खुणेचा मोठा वाटा ज्या प्रथिनाच्या अंगावर असतो ते प्रथिन बँड ३. भेंड्यांच्या काळी ते प्रथिन कुणाला ठाऊक नव्हतं.

२००० साली ब्रिस्टलच्या मे-जीन किंग आणि सहकाऱ्यांनी इओसिन-५-मॅलीमाइड या चमकणाऱ्या रंगाची चाचणी आणली. रंग मुख्यतः बँड ३ ला चिकटतो, फ्लो सायटोमीटर पेशीमागून पेशी चमक मोजतो, आणि दोन-तीन तासांत निदान. भुतं बनवायची गरजच राहिली नाही. मला आनंद झाला आणि हात थोडे रिकामे वाटले. पण या चाचणीतही रुग्णाची चमक निरोगी माणसांच्या चमकेशीच ताडून बघतात, आणि ती निरोगी रक्तं रुग्णाच्या रक्ताइतकीच जुनी असावी लागतात. आमच्या अर्जाच्या छापील नमुन्यावर तोवर एक ओळ आली होती: "सोबतीची नळी पाठवली आहे का?" बाहेरगावच्या डॉक्टरांना सुरुवातीला ते चमत्कारिक वाटायचं. फोनवर समजावावं लागायचं. मी कधी कंटाळले नाही.

माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी एक तिशी ओलांडलेला माणूस भेटायला आला. पनवेलला राहतो, बायको, चार महिन्यांची मुलगी. मुलीचे डोळे जन्मानंतर बरेच दिवस पिवळे राहिले होते. त्यानं स्वतःची ओळख करून द्यायच्या आधीच मी त्याला ओळखलं, आईसारखीच हनुवटी. प्लीहा अजून त्याच्या पोटातच होती. आई दोन वर्षांपूर्वी गेली म्हणाला.

तंत्रज्ञ मुलीनं बाळाची टाच पुसायला घेतली तेव्हा तो बायकोला म्हणाला, "तू पण बाही वर कर." ती गोंधळून माझ्याकडे बघायला लागली.

"तुझं सोबतीला लागतं," तो म्हणाला. "माझ्या वेळी आईचं घेतलं होतं."